तव्यावरचा शेवटचा माणूस

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्या परिच्छेदात सांगायची, ही माझ्या नोकरीने लावलेली सवय आहे. तेव्हा ती आधी सांगतो. माझा उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला आहे. तो मधुमेहामुळे गेला. मधुमेह आहे हे मला माहीत नव्हतं, घरी माहीत नव्हतं आणि ज्यांच्याबरोबर मी रोज सकाळी पोहायचो, त्यांनाही माहीत नव्हतं. त्याचं एकेक लक्षण दिसत गेलं आणि प्रत्येक लक्षणाबद्दल माझं अभिनंदन झालं.

हे लिहितो आहे ते पन्नाशीला टेकलेल्या, अंगमेहनतीचा नवा नाद लागलेल्या माणसांसाठी. औषधांची माहिती डॉक्टर देतील. इथे जे घडलं तेवढंच आहे.

टोपलीतली बातमी

मी नागपुरातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. टेलिप्रिंटरवर एकदा एक छोटी बातमी आली. दूरच्या कुठल्याशा बेटावर लोक आधी समुद्रात पोहतात, मग सायकल चालवतात, मग धावतात, आणि हे सगळं एकाच दिवसात पुरं करतात. क्रीडा पानावर जागा नव्हती. बातमी टोपलीत गेली. दुसऱ्या दिवशी मी ती घाटावर सांगितली.

घाट महाल या जुन्या वस्तीजवळच्या तलावाचा. तिथे सकाळी पोहणाऱ्यांचा एक गट जमायचा. शाळामास्तर, एक शिंपी, काही दुकानदार, कॉलेजची पोरं. या सगळ्यांचे पुढारी बापूभाऊ. त्यांची लाकडाची वखार होती. वयाने ते माझ्याहून लहान, पण घाटावर शब्द त्यांचा चालायचा.

"समुद्र नाही तर नाही, तलाव तर हाय ना गा," बापूभाऊ म्हणाले. "तलाव पार करायचा, मंग सायकलनं सावनेर, वापस यायचं, अन् मंग तलावाले पयत चकरा. पावसाळा सरला का घेऊन टाकू. कोण कोण हाय, बोला."

मी हात वर केला. सगळे हसले.

"वामनराव, तुम्ही? तुमची बातमी तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. तुम्ही कधी पोचसान?" बापूभाऊंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी सगळ्यांत हळू होतो आणि सगळ्यांत वयस्कर. मी पलीकडच्या काठाला लागायचो तेव्हा बाकीच्यांची अंगं पुसून झालेली असायची. सायकलीवर ते सावनेरहून परतताना मला वाटेत भेटायचे, मी अजून जाणारा. भेटले की घंटी वाजवायचे. मला जिंकायचं नव्हतं. शेवटचा यायचं नव्हतं, एवढंच.

तवा

घाटाच्या वरच्या पायरीवर काळ्या दगडाची एक रुंद फरशी आहे. तिला तवा म्हणतात. मे महिन्यात भर दुपारी त्यावर पाण्याचा थेंब पडला की दिसेनासा होतो.

दर रविवारी सराव दुपारपर्यंत चालायचा आणि संपला की सगळ्यांनी अनवाणी तव्यावर उभं राहायचं, असा बापूभाऊंचा नियम. त्यामागे त्यांचं शास्त्र होतं. "पाण्यातून निंगाल्यावर तळवे मऊ असतात. मऊ पायानं डांबरावर पयसान तर फोड येतीन. म्हणून आधीच भाजून पक्के करा." एक पाय उचलला की माणूस बाद. शेवटपर्यंत उभा राहील त्याला तर्री-पोह्याची पहिली प्लेट.

मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा चटक्याची वाट पाहत होतो. तो आला नाही. जाड सतरंजीवर उभं असल्यासारखं वाटलं. पोरं एकेक करून उड्या मारत खाली गेली. मास्तर गेले. बापूभाऊ दात आवळून थांबले आणि मग तेही गेले. मी उभाच होतो.

"अरे बाप्पा!" शिंपी ओरडला. "यायच्या पायाले कातडं हाय का ट्रकचा टायर?"

"पाहा गा पोट्टेहो," बापूभाऊ म्हणाले. "याले म्हणते तयारी. तुमी नुसतेच उड्या मारा."

त्या दिवशीचे पोहे मी सगळ्यांच्या आधी खाल्ले. नंतरच्या प्रत्येक रविवारी तसंच झालं. घाटावर येणारी नवी माणसं मला आधी ओळखू लागली. पोहण्यात, सायकलीवर, धावण्यात मी शेवटचा होतो. तव्यावरही शेवटचाच राहायचो, पण तिथे शेवटचा म्हणजे पहिला.

एक गोष्ट इथेच नोंदवतो. त्याआधीच्या हिवाळ्यापासून माझी चप्पल चालताना पायातून निसटायची आणि मला ते कळायचं नाही. कचेरीतला शिपाई मागून हाक मारायचा, "साहेब, चप्पल जिन्यातच राहिली." लोक समजायचे, साहेब बातमीच्या विचारात आहेत.

"वा, उतरलात!"

उन्हाळाभर माझं वजन घटत गेलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. जो भेटेल तो म्हणायचा, "वा, काय उतरलात!" संपादकांनी मला बोलावून विचारलं, काय करता म्हणून. मी सांगितलं. त्यांनी आपल्या मुलाला घाटावर पाठवायचं ठरवलं.

तहान लागायची. टेबलाजवळ तांब्या ठेवला, मग सुरई ठेवली. दर थोड्या वेळाने उठावं लागायचं. नागपुरात मे महिन्यात तहान लागते म्हणून डॉक्टरकडे कोणी जात नाही. थकवा यायचा, तर बापूभाऊंनी त्याला उपाय सांगितला: ग्लुकोजची पूड पाण्यात टाकून प्यायची, सकाळी गूळ खायचा. मी दोन्ही केलं. ते प्यालो की आणखी तहान लागायची.

माझी बायको सुमन एकदा म्हणाली, "मोरीत मुंग्यांची रांग लागून राहिली. तुम्ही तिथं पन्ह्याचा पेला विसळता का?"

"नाही."

"मग काहून येऊन राहिल्या?"

तिने फिनाईल ओतलं. मुंग्या पुन्हा आल्या. तिने पुन्हा ओतलं.

दुसऱ्या एका दिवशी मी दाढी करत होतो. ती दारात उभी राहून पाहत होती.

"गाल बसले तुमचे."

"व्यायाम आहे."

"व्यायामानं माणूस असा दिसत नसते. व्यायामानं माणूस भरते. तुम्ही वाळून राहिले."

"तू घाटावर येऊन पाहा, मी तव्यावर किती वेळ उभा राहतो."

"मला नाही पाहायचं. पोळीसारखं भाजून घेण्यात काय मोठेपणा आहे?"

उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड आला होता. फुटला. काळा पडला. मी त्यावर हळद दाबली, मोजा चढवला आणि कॅनव्हासचे बूट घातले. दुखत नव्हतं. जे दुखत नाही ते गंभीर नाही, असं मी धरून चाललो.

सावनेर रोड

जूनचा पहिला रविवार. पाऊस नव्हता. दोन दिवस कणकण होती आणि सकाळी उलटी झाली होती. तरी मी सायकल काढली, कारण आदल्या खेपेला मी सावनेरच्या अलीकडूनच परतलो होतो आणि पोरांनी ते ओळखलं होतं.

कोराडीच्या पुढे एका कडुनिंबाखाली मी उतरलो. बसलो. उठता येईना. श्वास जोरात चालला होता आणि जीभ टाळूला चिकटली होती. परतणारे आले. त्या दिवशी कोणी घंटी वाजवली नाही.

"ऊन लागलं," शिंपी म्हणाला. "कांदा हाय का कोणाजवळ?"

कांदा होता. उन्हाळ्यात नागपूरचा माणूस खिशात कांदा घेऊनच निघतो. बापूभाऊंनी आधी ग्लुकोजचं पाणी माझ्या तोंडाला लावलं, मी ते सगळं प्यालो. ऊन लागलं की कांदा फोडून तळव्यांना चोळायचा, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शिंप्याने माझा डावा बूट काढला आणि चोळायला सुरुवात केली. उजवा बूट बापूभाऊंनी काढला. मोजा निघेना. त्यांनी ओढला.

मग वास आला. शिंपी चोळायचा थांबला.

"वामनराव," बापूभाऊ हळू आवाजात म्हणाले, "हे काय हाय?"

मी वाकून पाहिलं. तो पाय माझा आहे हे मला शेजारी पडलेला बूट पाहून कळलं.

खाणीकडून येणारा कोळशाचा ट्रक त्यांनी थांबवला. मला कोळशावर सतरंजी टाकून नागपूरला आणलं. सायकल मागे राहिली. ती नंतर मिळाली नाही.

विटेचा रंग

निदान व्हायला फार वेळ लागला नाही. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने परीक्षानळीत निळं औषध घेतलं, माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी आचेवर धरली. निळं हिरवं झालं, पिवळं झालं, नारिंगी झालं आणि विटेच्या रंगावर थांबलं.

"डायबेटीस कधीपासून आहे?" त्याने विचारलं.

"कोणाला?" सुमन म्हणाली.

"यांना."

"डॉक्टर, हे तर रोज पोहतात, पळतात. सावनेरपर्यंत सायकल नेतात."

डॉक्टरने माझ्या पायाकडे पाहिलं. "हे भाजल्यासारखं दिसतं आहे. दुखत नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

"दुखायला पाहिजे होतं."

मी त्याला तव्याबद्दल सांगितलं. तो लिहीत होता, त्याचं पेन थांबलं. "किती वेळ उभे राहायचे तुम्ही?"

"सगळे उतरेपर्यंत."

त्याने टाचणी घेतली आणि मला डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले. बराच वेळ गेला.

"केव्हा टोचणार?" मी विचारलं.

मग डोळे उघडले. तळव्यापासून नडगीच्या अर्ध्यापर्यंत रक्ताचे बारीक ठिपके होते. सुमन भिंतीकडे तोंड करून उभी होती.

वॉर्ड

वॉर्डातला दिवस सगळ्यांसाठी सारखा असतो. पहाटे थर्मामीटर, मग सुई, मग पट्टी सोडणं, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. फेरीत ते पायाशी बोलायचे, माझ्याशी नाही. भेटायला येणारे आंबे आणायचे. बापूभाऊ आले ते आंब्यांची पाटी आणि ग्लुकोजचा नवा डबा घेऊन. शक्ती यावी म्हणून. मधुमेहाचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सुमनने डबा त्यांच्यासमोर उघडला आणि खिडकीतून बाहेर पालथा केला. बापूभाऊ रिकामा डबा घेऊन गेले.

शेजारच्या खाटेवर किसन होता. सावनेरकडच्या कोळसा खाणीतला मजूर. त्याच्या पायावर कोळसा वाहणारा लोखंडी डबा घसरला होता, दोन बोटं गेली होती. माझे आंबे तो खायचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "तुमचा पाय कायनं असा झाला जी?"

मी सांगितलं. तो आंबा चोखायचा थांबला.

"म्हंजे तुमी सोताहून दगडावर उभे राहिले? कोनी उभं केलं नाही?"

"नाही."

"अन् भेटे काय?"

"पोहे."

तो इतका हसला की सिस्टर रागावली. मग डोळे पुसत म्हणाला, "मी पोटासाठी पाय देल्ला गा बावा. तू पोह्यासाठी काहून देऊन राहिला?" रागाच्या भरात नव्हे, खरंच विचारत होता. आजारपणात मला विचारलेल्या प्रश्नांत हा एकच नेमका होता.

आधी अंगठा काढला. मग अर्धा पंजा. काळेपणा वर सरकत राहिला. भीतीबद्दल लोक विचारतात. भीती पाय जाण्याची नव्हती. पट्टी सोडताना सिस्टरचा चेहरा कसा होतो, ते पाहण्याची होती. त्या सिस्टरची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. पट्टी सोडण्याआधी ती माझ्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवायची आणि म्हणायची, उकाडा आहे. उकाडा होताच. पण रुमाल त्यासाठी नव्हता.

एका सकाळी मोठे डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली.

सुमनने विचारलं, "थोडे दिवस थांबून पाहिलं तर?"

"थांबलं तर गुडघ्यावर."

मी सही केली. ऑपरेशनला नेताना किसन खाटेवर उठून बसला. "जा गा, येजो लवकर," म्हणाला. मी शुद्धीवर आलो तेव्हा त्याला घरी सोडलेलं होतं. माझ्या उशाशी त्याने आंब्याची एक कोय स्वच्छ धुऊन ठेवली होती. ही थट्टा होती की आठवण, मला कळलं नाही.

घर

आमच्याकडे फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली रबरी पिशवीत बांधून सुमन माठात सोडायची. सकाळी काचेची सिरिंज उकळायची, मला टोचायची आणि मग पोळ्या लाटायला बसायची. ती बोलायची, पण कामापुरतं. "हात इकडे." "झालं." "जेवा." घरातून साखर गेली, गूळ गेला. तिला गोडच चहा लागायचा. ती बिनसाखरेचा पिऊ लागली, तोंड वाकडं न करता. तिने तोंड वाकडं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आमच्या मुलीसाठी एक स्थळ आलं होतं. पाहुणे बसले, पोहे झाले. मुलाच्या काकांनी माझ्या कुबडीकडे पाहून विचारलं, "अपघात का?" मी खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "घराण्यात आहे का पहिल्यापासून?" नंतर त्यांचा निरोप आला नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही अपघातच म्हणायचं होतं." तिचं लग्न पुढे दुसरीकडे झालं. तिथे आम्ही अपघात म्हणालो.

पेला

पावसाळा सरल्यावर शर्यत झाली. मला घाटावर खुर्चीत बसवलं. पोरं पाण्यात उतरली, सायकली घेऊन गेली, संध्याकाळी एकेक करून परतली. शेवटचे मास्तर आले, लंगडत, दिवेलागणीला. टाळ्या वाजल्या. माझी जागा ती होती.

मग बक्षिसं झाली. बापूभाऊंनी माझं नाव पुकारलं. स्टीलचा पेला होता, त्यावर भांड्यांच्या दुकानातल्या मशीनने नाव घातलं होतं: वामनराव, तव्याचा राजा.

"आता असा पेला दरसाल ठेवू," बापूभाऊ म्हणाले. "वामनरावांची आठवण म्हणून. जो तव्यावर सगळ्यात शेवटी राहीन, त्याले."

मी समोर बसलेलो असताना माझी आठवण ठेवणं चाललं होतं. मी उठून बोललो. तवा बंद करा म्हणालो. चटका लागणं ही निरोगी माणसाची खूण आहे, ज्याला लागत नाही त्याला डॉक्टरकडे न्या, असं सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. एकदोघांनी डोळे पुसले. शिंपी म्हणाला, "काय हिंमतीचा माणूस हाय गा."

घरी आल्यावर सुमनने पेला हातात घेऊन नाव वाचलं. मग तो मोरीत परीक्षानळीशेजारी ठेवला. रोज सकाळी लघवीचा नमुना मी त्यातच घेतो. त्या कामाला तो चांगला आहे.

पुढचे उन्हाळे

तवा बंद झाला नाही. दर मे महिन्यात मी रविवारी घाटावर जातो आणि सावलीत बसतो. लोकांना वाटतं, मी परीक्षक म्हणून येतो. नव्या पोरांना माझ्या पायाकडे बोट दाखवून गोष्ट सांगतात. गोष्टीत मी पाऊण तास उभा असतो. मधुमेह शेवटी येतो, घाईत.

गेल्या उन्हाळ्यात पोस्टातला एक कारकून येऊ लागला. चाळिशी ओलांडलेला, पोहण्यात सगळ्यांच्या मागे. तव्यावरून बाकीचे उतरले, तो उभा राहिला. उन्हाकडे तोंड करून, अगदी आरामात. तो चेहरा मी ओळखला. त्यावर कसलाच प्रयत्न नव्हता.

मी उठून जवळ गेलो. "चटका लागून राहिला का?"

"नाही जी," तो म्हणाला. "काहीच नाही."

"वामनराव, गेला तुमचा रेकॉर्ड!" बापूभाऊ ओरडले. टाळ्या सुरू झाल्या.

"खाली उतरा," मी म्हणालो.

"थोडं थांबा ना काका. पेला तर घेऊ द्या. आजवर मी कशातच पहिला आलो नाही."

मी कुबडीचं टोक त्याच्या पायाच्या करंगळीवर ठेवलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर दिला. तो माझ्याशी बोलत राहिला. बायकोने आज पोह्यांना कशी परवानगी दिली ते सांगत राहिला. आधी शिंप्याचं लक्ष गेलं. मग बापूभाऊंचं. टाळ्या थांबल्या. सगळे खाली पाहू लागले, तेव्हा त्यानेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर त्याला दवाखान्यात घेऊन गेले. नळीतला रंग नारिंगीपर्यंत गेला, असं मला मास्तरांकडून कळलं. त्या वर्षीचा पेला कॉलेजच्या एका पोराला मिळाला. त्याचे पाय आठवडाभर सुजलेले होते.

कारकून घाटावर येत नाही. मी सगळ्यांसमोर त्याची शोभा केली, असं तो लोकांना सांगतो. महालात कधी समोरून आला की मान फिरवतो आणि रस्ता ओलांडून पलीकडे जातो. दोन्ही पायांनी, झपाझप.